जनपदोध्वंस आणि नगरपंचायत : बाभुळगावच्या निमित्ताने

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेला असतो. कांपिल्य नगरीजवळ गंगेच्या तीरावर, ग्रीष्माच्या शेवटच्या महिन्यात फिरत असताना भगवान आत्रेय अग्निवेशाला सांगतात, की निसर्गात विकृतीची चिन्हे दिसू लागली आहेत. भूमीचा रस नष्ट होण्यापूर्वी औषधी गोळा करून ठेवा, कारण नंतर त्यांत रस, वीर्य, विपाक व प्रभाव उरणार नाहीत. परीक्षेत आपण वायु, उदक, देश व काल हे चार भाव लिहितो, गुण मिळवतो आणि पुढे जातो. तथापि या प्रसंगातील एक गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. आत्रेयांनी औषधसंग्रहासाठी सांगितलेला काळ पावसाळ्याच्या तोंडावरचा आहे. आजही महाराष्ट्रातील प्रत्येक तहसील कार्यालय व नगरपंचायत नेमक्या याच दिवसांत मान्सूनपूर्व आढावा बैठक घेते आणि १ जूनपासून नियंत्रण कक्ष सुरू करते. शास्त्राने सांगितलेली वेळ आणि शासनाने ठरवलेली वेळ एकच आहे. त्या बैठकीत वैद्य मात्र क्वचितच दिसतो. तो का नसतो आणि असलाच तर त्याने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उदाहरणादाखल बाभुळगाव घेऊ. यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या मार्गावरील हे तालुक्याचे गाव. भोवताली काळी जमीन आणि कापूस. बेंबळा नदी याच तालुक्यातून वाहत पुढे वर्धेला मिळते आणि तिच्यावरील बेंबळा प्रकल्पाचे धरण तालुक्यातील खडकसावंगा येथे आहे. ज्या गावाच्या अंगणात नदी, धरण, कापूस आणि उन्हाळा हे चारही आहेत, तेथे आपत्ती हा शब्द शोधायला दूर जावे लागत नाही. पावसाळ्यात नाल्यांचे पूर, धरणाचे दरवाजे उघडल्यावर खालच्या गावांची धावपळ, शेतात काम करणाऱ्यांवर पडणारी वीज, फवारणीच्या हंगामातील विषबाधा, हिवाळ्यात कापसाच्या गंजीला लागणारी आग, आणि वैशाखात उष्माघात. वर्षाचे बारा महिने या ना त्या भीतीचे असतात.

२०१४-१५ च्या सुमारास राज्य शासनाने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे धोरण अमलात आणले, त्यात बाभुळगावही आले. सरपंचांच्या जागी नगराध्यक्ष व ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले. प्रभाग सतरा झाले. या बदलाकडे आपण राजकीय घडामोड म्हणून पाहिले. वास्तविक त्यामुळे आपत्तीच्या संदर्भातील जबाबदारीही बदलली. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ अन्वये आग विझवणे, धोकादायक इमारतींचा बंदोबस्त करणे, गटारे वाहती ठेवणे व साथरोगांस प्रतिबंध करणे ही अशा संस्थेची कर्तव्ये होत. ती पार पाडण्यास पुरेशी माणसे व साधने तिच्याजवळ आहेत काय, हा वेगळा प्रश्न. लहान नगरपंचायतींत अग्निशमन बंब पुष्कळदा शेजारच्या मोठ्या शहरातूनच येतो, आणि तो येईपर्यंत कापसाची गंजी वाट पाहत नाही.

कायदा काय म्हणतो

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने महाराष्ट्राला आपत्ती व्यवस्थापनाचा पहिला मोठा धडा दिला. २००४ अखेरच्या त्सुनामीने तो देशाला दिला. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अस्तित्वात आला. त्यानुसार पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय, मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण स्थापन होते. जिल्हा प्राधिकरणात जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. पोलीस अधीक्षक व जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी पदसिद्ध सदस्य असतात. दरवर्षी जिल्हा आराखड्याचा आढावा घेऊन तो अद्ययावत करणे कायद्याने बंधनकारक आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे कलम ४१ वे. स्थानिक प्राधिकरणाने, म्हणजे आपल्याकडे नगरपंचायतीने, आपले कर्मचारी प्रशिक्षित आहेत व साधने वापरण्याजोग्या स्थितीत आहेत याची खात्री करावी, बांधकामे ठरलेल्या मानकांनुसार व्हावीत हे पाहावे, आणि आपत्तीनंतर मदत व पुनर्वसनाची कामे राज्य व जिल्हा आराखड्यांस अनुसरून करावीत, असे ते सांगते. दुसरे, ज्याची औषधालयाच्या मालकांनी विशेष नोंद घ्यावी असे कलम ६५ वे. आपत्तीच्या बचावकार्यास आवश्यक असेल तर साधनसामग्री, वाहने व जागा अधिग्रहित करण्याचा अधिकार ते शासनास देते; त्याचा मोबदला देण्याची तरतूद लगेच पुढील कलमात आहे. म्हणजे आपली गाडी किंवा गोदाम कधीतरी मागितले गेलेच तर ती मेहेरबानी नसते आणि जुलूमही नसतो. कागद मागावा, पावती घ्यावी.

२०२५ मध्ये या अधिनियमात सुधारणा होऊन राज्यांच्या राजधान्या व महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापण्याची तरतूद झाली. मोठ्या शहरांची ती गरज होतीच. परंतु बाभुळगावसारखी नगरपंचायत या तरतुदीत येत नाही. तिला जिल्ह्याच्या आराखड्यावरच विसंबावे लागते. तालुक्याला तर अधिनियमात स्वतंत्र प्राधिकरणच नाही. प्रत्यक्षात तहसीलदार हेच तालुक्याच्या पातळीवरील सूत्रधार. प्रामाणिकपणे सांगायचे तर ही रचना वरून पाहताना सुबक दिसते आणि खालून पाहताना तिच्यात एका पायरीची उणीव जाणवते. ती उणीव तहसीलदार व मुख्याधिकारी यांच्या परस्परसंबंधांवर सोडलेली आहे. ते चांगले असले की काम होते.

निरोपाचा प्रवास

आपत्तीच्या व्यवस्थेचा प्राण तिच्या निरोपात असतो. हवामान विभागाच्या नागपूर येथील प्रादेशिक केंद्राकडून पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियंत्रण कक्षात येतो. तेथून तो तहसीलदारांकडे, त्यांच्याकडून तलाठी (२०२४ पासून ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), ग्रामपंचायतीचे अधिकारी, पोलीस पाटील व कोतवाल यांच्याकडे. आणि दुसऱ्या बाजूने मुख्याधिकाऱ्यांकडे. धरणातून पाणी सोडावयाचे झाल्यास प्रकल्पाचे अभियंते याच साखळीत निरोप टाकतात आणि नदीकाठच्या गावांत दवंडी, भोंगा किंवा अलीकडे भ्रमणध्वनीवरील समूहातून तो पोचतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला की त्यास अतिवृष्टी म्हणतात, आणि पुढील पंचनामे व मदत या आकड्यावर अवलंबून राहतात.

या साखळीचे शेवटचे टोक कोठे आहे? पोलीस पाटलाच्या घरी. त्यापुढे निरोप पोचायचा तो माणसांच्या ओळखीने. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात जी अतिवृष्टी झाली, तिच्यात महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे माणसे पुराने वेढली गेली आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांची मदत मागवावी लागली. अशा वेळी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची नागपूरची तुकडी निघाली तरी ती पोचेपर्यंतचे कित्येक तास गावालाच निभावून न्यावे लागतात. त्या तासांत पाण्यात कुडकुडलेले मूल, सर्पदंश झालेला शेतमजूर किंवा पत्रा लागून पाय कापलेली बाई कोणाच्या दारात येते? जवळच्या वैद्याच्या. ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता नाल्यापलीकडे असेल तर दुसरा पर्याय नसतो.

आपली आराखड्यातील जागा

आपत्ती आराखड्यांत साधनसामग्रीचे एक परिशिष्ट असते. त्यात शासकीय रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे, रुग्णवाहिका, पोहणारे, होड्या, जेसीबी यंत्रांचे मालक, मंगल कार्यालये इत्यादींची नावे व दूरध्वनी क्रमांक असतात. माझ्या पाहण्यात असे एक परिशिष्ट आले होते. त्यातील तीन क्रमांक बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्यांचे होते आणि खासगी वैद्यकीय व्यावसायिकांच्या स्तंभात एकच नाव होते, ते गृहस्थ दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेले होते. यात कोणाचा कुटील हेतू नसतो. यादी करणाऱ्याला कोणी जाऊन सांगत नाही, एवढेच.

येथे एक वस्तुस्थिती आपल्या बाजूची आहे. महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेत सुमारे ९३७ गाड्यांनी प्रारंभ झाला, आणि या गाड्यांवर काम करणाऱ्या डॉक्टरांत आयुर्वेद पदवीधरांचा वाटा फार मोठा आहे. अपघातस्थळी रुग्णाचा श्वासमार्ग मोकळा करणारा, त्याला सलाईन लावून रुग्णालयात पोचवणारा तरुण अनेकदा आपलाच वैद्यबंधू असतो. म्हणजे शासनाने आपणांस आकस्मिक सेवेत नाकारलेले नाही. नाकारले असेल तर गावातील दवाखान्याला, आणि तेही नाव कळवले नाही म्हणून.

पण केवळ नाव नोंदवून भागणार नाही. आपण काय करू शकतो व काय करू शकत नाही, हे स्पष्ट लिहून द्यावे लागेल. याचे कारण २०१७ च्या पावसाळ्याने शिकवले आहे. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अमरावती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस राज्य शासनाने मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांत तात्पुरती बंदी घातली. यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयावर तेव्हा केवढा भार पडला असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

हा पूर नव्हता, भूकंप नव्हता. कोणतेही दरवाजे उघडले नव्हते आणि कोणतीही दवंडी दिली गेली नव्हती. एकेक रुग्ण, एकेका गावातून, डोळे चुरचुरतात, मळमळते, अंग ओले होते अशा तक्रारी घेऊन आधी गावातल्या दवाखान्यात गेला असणार. प्रत्येक ठिकाणी तो एकटाच होता. त्यामुळे ही आपत्ती आहे हे लक्षात यायला वेळ लागला. जनपदोध्वंसाच्या अध्यायात अग्निवेशाचा प्रश्न नेमका हाच आहे : भिन्न प्रकृतीची, भिन्न आहाराची, भिन्न वयाची माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का मरतात? हा प्रश्न विचारण्यासाठी सर्व रुग्ण एका नजरेत यावे लागतात. एका दवाखान्याच्या नोंदवहीत ते येत नाहीत. दहा दवाखान्यांच्या नोंदी एकत्र झाल्या तर येतात. २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालू आहे. साथीचा संशय येताच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांस कळवणे खासगी व्यावसायिकालाही शक्य आहे. माझे स्पष्ट मत असे, की एका आठवड्यात फवारणी केलेले तीन रुग्ण समान लक्षणांनी आले तर वैद्याने चौथ्याची वाट पाहू नये, दूरध्वनी उचलावा.

उपचाराविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे, कारण येथेच आपल्या हातून चूक होण्याचा संभव अधिक. विषचिकित्सेच्या चोवीस उपक्रमांत चरकाचार्यांनी परिषेक सांगितला आहे, वमनही सांगितले आहे. फवारणीतील विष बहुतांशी त्वचेतून व श्वासातून शरीरात गेलेले असते. तेथे वमनाचे प्रयोजन नाही. कीटकनाशक पोटात गेले असले तरी त्यातील द्रावक फुप्फुसांत जाण्याचा धोका असल्याने, आणि बेशुद्धी केव्हा येईल याचा भरवसा नसल्याने, वमन देऊ नये. करावयाचे ते परिषेकाचे काम. भिजलेले कपडे ताबडतोब काढावेत, केस व नखांसकट अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे, आणि धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, घाम, आकसलेली बाहुली, जुलाब, छातीत घरघर ही लक्षणे सेंद्रिय फॉस्फरस वर्गाच्या विषाची. त्यावर ॲट्रोपिन व प्रालिडॉक्सिम लागते, प्राणवायू लागतो, कधी कृत्रिम श्वासोच्छ्वासही लागतो. अशा रुग्णाला दवाखान्यात तासभर ठेवून पाहू असे म्हणण्याइतका काळ आपल्याजवळ नसतो. १०८ ला फोन करावा, औषधाच्या डब्याचे वेष्टन रुग्णाबरोबर द्यावे, आणि आपण काय पाहिले व किती वाजता पाहिले ते चिठ्ठीवर लिहावे. वेष्टनाची ही सूचना किरकोळ वाटेल. परंतु वरच्या डॉक्टरला विष कोणते हे कळणे म्हणजे अर्धे निदान.

वीज पडून मृत झालेल्या माणसाला नातेवाईक कित्येकदा प्रथम आपल्याकडेच आणतात. श्वास व नाडी नसली तरी हृदय व श्वसनाचे पुनरुज्जीवन ताबडतोब सुरू करावे. विजेच्या आघातात असे प्रयत्न इतर कारणांपेक्षा अधिक वेळा यशस्वी होतात. यश आले नाही तर प्रेत परस्पर घरी नेऊ देऊ नये. शासकीय मदतीसाठी मृत्यूचे कारण प्रमाणित व्हावे लागते, आणि शवविच्छेदन टळले की विधवेला पुढे वर्षभर कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे विजेची पूर्वसूचना देणारे उपयोजन रुग्णांच्या भ्रमणध्वनीवर घालून देणे हे दवाखान्यात बसल्या बसल्या होणारे काम आहे.

पूर ओसरल्यावरचे काम मात्र पूर्णपणे आपल्या आवाक्यातील आहे, आणि तेथे नगरपंचायतीला आपला खरा उपयोग होऊ शकतो. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात दूषित जल, भूमी व तृण यांची लक्षणे आणि शुद्धी सांगितली आहे. आजच्या भाषेत तोच विषय पाण्याच्या निर्जंतुकीकरणाचा. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर १००० लिटर पाण्यास साधारण २.५ ग्रॅम लागते, आणि तासाभराने लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे असा दंडक आहे. पावडर उघडी राहिली की तिचे वीर्य जाते, हे आत्रेयांच्या इशाऱ्यासारखेच म्हणावे लागेल. गतवर्षीची पोती पाण्यात टाकून समाधान मानणारे पाणीपुरवठा कर्मचारी काही कमी नाहीत. ओ.टी. चाचणीचे द्रावण जवळ ठेवून प्रभागातील दहा नळांचे पाणी तपासणारा वैद्य मुख्याधिकाऱ्यांना कोणत्याही भाषणापेक्षा प्रिय होईल. २००५ च्या मुंबईतील पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. चिखलात काम केलेल्या मजुराला ताप, पोटऱ्यांत वेदना व डोळ्यांत लाली असेल तर केवळ ज्वरघ्न काढा देऊन परत पाठवू नये.

औषधालयांच्या मालकांसाठी

आता औषधालयाच्या मालकांकडे वळू. त्यांचा धोका दुहेरी आहे. तळमजल्यावरील गोदामात पाणी शिरले की चूर्णे व गुग्गुळकल्प गेलेच. बुरशी धरलेला माल वाळवून विकण्याचा मोह होतो, तो टाळावा, पंचनामा करून माल नष्ट करावा. विमापत्रात पुराचा उल्लेख आहे काय हे मे महिन्यात वाचावे, ऑगस्टमध्ये वाचून उपयोग नाही. दुसरा धोका आगीचा. तेले, तुपे, राळ, कापूर व वाळलेल्या वनस्पती एकाच खोलीत साठवणारे दुकान म्हणजे कापसाच्या गंजीचे धाकटे भावंडच. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ मधील आपल्या इमारतीला लागू असलेल्या तरतुदी पाहून अग्निशामक नळकांडी वर्षातून एकदा तरी भरून घ्यावीत.

आणि तिसरी गोष्ट, जी धोक्याची नव्हे, साठ्याची आहे. जलसंजीवनीची पाकिटे, ब्लीचिंग पावडर, हातमोजे, निर्जंतुक पट्ट्या, साबण. यांपैकी एकही वस्तू आयुर्वेदीय नाही म्हणून ती दुकानात नको, असे म्हणणारे काही ज्येष्ठ आहेत. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून एवढेच म्हणतो, की औषध कोणते यापेक्षा ते वेळेपूर्वी गोळा करा यावरच आत्रेयांचा भर आहे.

त्याच अध्यायात देश, नगर, निगम व जनपद यांचे प्रमुख अधर्माने वागू लागले की त्यांचे आश्रित, नागरिक व व्यापारी तो अधर्म वाढवतात, असे म्हटले आहे. निगम हा शब्द आज हिंदीत महानगरपालिकांसाठी वापरतात, हा केवळ योगायोग. पण नाल्यात टाकलेला राडारोडा आणि नाल्यावर वाढवलेले दुकान ही त्या वाक्याची आजची टीका समजावी. त्यात व्यापारी म्हणून आपलेही काही ओटे येतात, हे येथेच कबूल केलेले बरे.

प्रत्यक्ष कार्यवाही फार मोठी नाही. तालुका शाखेने मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक कागद तयार करावा. त्यावर प्रत्येक वैद्याचे नाव, प्रभाग, दोन दूरध्वनी क्रमांक, रात्री उपलब्धता, कोणत्या प्रकारचे प्रथमोपचार करणे शक्य आहे आणि कोणते रुग्ण थेट ग्रामीण रुग्णालयात पाठवले जातील, हे लिहावे. एक प्रत मुख्याधिकाऱ्यांस, एक तहसीलदारांस व एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांस द्यावी आणि पोच घ्यावी. आढावा बैठकीचे निमंत्रण आले नाही तर न बोलावता जाऊन मागच्या बाकावर बसावे. विदर्भात कोणी उठवत नाही. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ व पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ हे तीन क्रमांक दवाखान्याच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत रंगवावेत. औषधालयांच्या बाबतीत कागदावर आणखी एक स्तंभ हवा : रात्री दुकान बंद झाल्यावर किल्ली कोणाकडे असते, आणि त्याचे घर नाल्याच्या अलीकडे आहे की पलीकडे.